धाकट्याचा पाय

देवाला माझी कंबर दिसतच नसावी, असं मला वाटू लागलं होतं. पन्नाशी उलटली होती आणि दहा वर्षं डाव्या कुल्ह्यापासून टाचेपर्यंत कळ जात होती. अमरावतीच्या हकिमाचे लेप झाले, छावणीतल्या गोऱ्या डॉक्टरची औषधं झाली, एकाने तर तापल्या सळईने डाग दिले. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मी शून्यातून वर आलेला दलाल. पण गाडीत बसवत नव्हतं, कापसाच्या ढिगापाशी वाकवत नव्हतं.

उपाय घरातच आहे, असं बायको सांगे. माझा धाकटा भाऊ सखाराम पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाने पाय लावला की धरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडे मानतात. पण याच सखारामाने भर बाजारात व्यापाऱ्यांना सांगितलं होतं, "दादाचा कापूस घेऊ नका, वजन वाढवाले पाणी मारेल हाय." त्या दिवसापासून मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्या पायाखाली पडण्यापेक्षा कळ बरी.

मग अकोल्याच्या एका वैद्याचं नाव ऐकलं. तीन दिवस गाडीत पालथा पडून तिथे पोचलो, तर वैद्य परगावी गेलेला. संतापून नदीकाठच्या महादेवाच्या देवळात शिरलो आणि देवाशीही सौदाच केला: आधी बरं कर, मग सभामंडप बांधतो, आगाऊ काही मिळणार नाही. एवढं बोलून साष्टांग दंडवत घातला आणि कंबर अशी धरली की उठता येईना. मानही वळेना. दगडी फरशीला गाल लावून पडून राहिलो. अकोल्याच्या बाजारात मला ओळखणारी शंभर माणसं. अशा अवस्थेत हाक तरी कुणाला मारू?

तेवढ्यात कंबरेवर कुणाची तरी टाच पडली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा चांगलीच जोरात. देवासमोर लाथ! "कोण रे हरामखोर? तुह्या बापाले..." मी ओरडलो.

"बापाले काहून? तो तुहाही बाप हाय, दादा," मागून आवाज आला. "शिव्या मंग दे, आधी उठून तं बस."

मी उठून बसलो. खरोखर बसलो. सखाराम कापसाची गाडी अकोल्याच्या बाजारात सोडून दर्शनाला आला होता. धाकट्याचा पाय अंगाला लागला म्हणून त्याने वाकून मला नमस्कार केला. बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली.

"पाणी मीच मारलं होतं रे."

"मले माहीत हाय. मी घागरी पाह्यल्या होत्या." तो माझ्या शेजारी टेकला. "दहा वर्षं मी वाट पाहून राहिलो, दादा. एक निरोप नाही धाडला?"

देवळात मी रडलो, लोक बघत होते तरी.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. दुखणं एका दिवसात गेलं नाही. सखाराम महिनाभर रोज सकाळी यायचा, तापल्या वाळूने शेकायचा, धरून चालवायचा. हळूहळू गाडीत बसता येऊ लागलं. पण मला बरं करण्याआधी देवाने मला पालथं पाडलं, एवढं मात्र मी जाणतो, आणि त्याचे उपकार मानतो. थंडीत कंबर अजून धरते. मग मी अंगणात घोंगडी टाकून पालथा होतो आणि शेजारच्या घराकडे तोंड करून, आता तिथेच राहायला आलेल्या सखारामाला हाक मारतो.