माहितीस्तव सादर

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते, तेव्हा नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी आमच्या दिल्लीतल्या, करोल बागच्या घरी आली. इमर्जन्सीत आणलेल्या वृद्ध रुग्णांची विचारपूस कशी होते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. ये म्हणून फोनवर मीच सांगितलं होतं, तरी ती दारात दिसताच मला तिचा राग आला. हातात जाडजूड प्रश्नावली, प्रत्येक प्रश्नापुढे चौकोन. मी जन्मभर ग्रंथालयात कार्डं भरली आहेत, मला चौकोनांचं वावडं नाही. पण बाबा त्यात कुठे मावणार होते?

"आंटी, इमर्जेंसी में नर्स ने दर्द के बारे में किससे पूछा था? आपसे या अंकलजी से?"

"उन्हीं से."

तिने समाधानाने खूण केली. नातेवाइकांना न विचारता रुग्णालाच विचारलं, म्हणजे उत्तम.

"और उन्होंने क्या कहा?"

"बिल्कुल ठीक हूँ."

इथेच माझं डोकं फिरतं. केंद्र सरकारच्या कचेरीत बाबांची सगळी नोकरी गेली. वरिष्ठांनी विचारलं तर तोंडी 'ठीक' म्हणायचं आणि अडचण कागदावर मांडायची, ही त्यांची रीत. घरातही तेच. नळ गळतोय हे ते बोलून दाखवत नसत. फ्रिजवर टिपण लावत, खाली 'माहितीस्तव सादर'. आई होती तोवर ती त्यावर 'पाहिले' लिहून सही करायची, आणि नळ गळतच राहायचा.

त्या दिवशी सकाळी त्यांना घाम फुटलेला पाहून मी रिक्षा आणली. वर येऊन बघते तर बाबा टेबलाशी लिहीत बसलेले.

"बाबा, चला ना! आता काय लिहिताय?"

"अगं, दोनच मिनिटं. डॉक्टरांना बरं पडतं."

"तिथे कोण वाचणार आहे तुमचं टिपण?"

मी कागद ओढून घेतला आणि न वाचताच पर्समध्ये कोंबला.

इमर्जन्सीतल्या नर्सची काहीच चूक नव्हती. तिने खाली वाकून, मोठ्याने, नीट विचारलं, "बाबाजी, कहीं दर्द है?"

"नहीं, नहीं. बिल्कुल ठीक हूँ. पहले उनको देखिए," असं म्हणत त्यांनी शेजारच्या बाईंकडे बोट केलं.

"सुबह से पसीना आ रहा है इनको," मी मध्येच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कचेरीतली गोपनीय फाइल चव्हाट्यावर आणली आहे. नर्सने त्यांच्यावर विश्वास ठेवला. आम्हाला बाकावर बसवलं. मी इतकी चिडले होते, की त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. पाऊण तासाने ते माझ्या खांद्यावर कलंडले. मग सगळी धावपळ झाली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मुलीचा शेवटचा प्रश्न बिनचौकोनाचा होता. अंकलजींना त्रास सांगायला दुसरा काही मार्ग सोपा गेला असता का?

मी उठून पर्स आणली. कागद मला तेराव्यानंतर मेट्रोचं कार्ड शोधताना सापडला होता. सुवाच्य इंग्रजीत तीन मुद्दे. एक, पहाटेपासून पोटाच्या वर कळ, डावा हात जड. दोन, घाम. तीन, कृपया मुलीसमोर चर्चा नको, ती घाबरते.

समोरच्या विद्यार्थिनीने तो दोनदा वाचला. "आंटी, ये मैं ले जाऊँ?"

"मूल प्रति नहीं मिलेगी. नीचे झेरॉक्सवाला है."

ती खाली जाऊन आली, मूळ कागद मला परत दिला. मग प्रश्नावलीच्या समासात तिने स्वतःच एक नवा प्रश्न लिहिला: रुग्णाला कागद-पेन दिलं होतं का? पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन काढले.

"दोनों नहीं," मी म्हटलं. "लिखो, कागद था. बेटी ने ले लिया."

"आंटी, ऐसा मैं कैसे लिखूँ?"

तिचं पेन घेऊन मीच ते लिहिलं आणि खाली सही केली.