हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

धुळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सात वाजता जी मुलगी तुमच्या दंडाला पट्टा बांधून "मूठ आवळा" म्हणते, ती बायोकेमिस्ट्रीत फर्स्ट क्लासने पास झालेली आहे, हे तिच्याकडे बघून कोणालाच कळत नाही. कळून उपयोगही नाही. शेजारच्या टेबलावरच्या कुंदनकडे लॅबचा डिप्लोमा आहे, त्याला सोळा हजार मिळतात. या दिपमालाकडे तीन वर्षांची डिग्री आहे, तिला अकरा. मालकांचं म्हणणं, लॅबच्या कामाला डिप्लोमा लागतो, डिग्री आपली शोभेला. ही अक्कल आपल्या लोकांना डिग्री हातात पडल्यावरच येते.

तिचे वडील झुलालआबा पिंपळनेरजवळच्या खेड्यात कांदा करतात. मुलगी जळगावला शिकायचं म्हणाली तेव्हा त्यांनी विषयाचं नाव चारदा विचारून घेतलं, चारही वेळा विसरले आणि बँकेत जाऊन कर्जाच्या कागदावर सही केली. फी, मेहरूणमधली खोली, मेस, सगळं मिळून एक लाख साठ हजार. परतफेड सुरू होईपर्यंत व्याजाने त्याचे एक पंच्याऐंशी झाले. आता हप्ता महिन्याला तीन हजार शंभर.

पण दिपमालाला जळगाव आठवतं ते कर्जामुळे नाही. तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने पहिल्यांदा जेलच्या पातळ थरावर प्रोटीनच्या निळ्या रेघा उमटताना पाहिल्या होत्या. आदल्या दिवशी जेल धुवायला ठेवायचा आणि सकाळी धावत जाऊन बघायचं. रेघ ठरल्या जागी दिसली की हेमांगी मॅडम नुसतं "हं" म्हणायच्या, आणि त्या एका "हं"वर तिचा आठवडा सुखात जायचा. धुळ्याच्या लॅबमध्ये मशीन आकडा देतं, ती तो कागदावर उतरवते. तो आकडा असा का आला, हे तिला कोणी विचारत नाही. हेच विचारणारं कोणीतरी भेटावं म्हणून तिचा जीव नुसता तुटायचा.

जूनअखेरीस हेमांगी मॅडमचा फोन आला. एमएस्सीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. शनिवारपर्यंत फी भरायची.

तिने बँकेत विचारलं. साहेब चांगला होता. म्हणाला, "शिक्षण चालू असेल तर हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही." मग ती हिशोबाला बसली. दोन वर्षं पगार नाही, वर एक लाख तीस हजारांचं नवं कर्ज, आणि एमएस्सीनंतर मिळालेच तर वीस हजार. कसंही मांडलं तरी उत्तर एकच यायचं. तरी ती पुन्हा मांडायची. बुधवारी तिने सरळ कागद फाडला आणि जायचं ठरवलं.

गुरुवारी आबा आले. महिनाभर थकवा होता, म्हणून तिनेच त्यांना शुगर तपासायला उपाशीपोटी बोलावलं होतं. पहिल्या एसटीने आले. तिने स्वतः रक्त घेतलं. आकडा आला एकशे अठ्ठावन्न.

आता औषधं आली, पथ्यं आली, दर महिन्याला धुळ्याची खेप आली. घरात पगार आणणारी एकटी पोर दोन वर्षं जळगावला जाऊन बसणार कशी? डॉक्टर म्हणाले, "गोळ्या एवढ्यात नको, पंधरा दिवसांनी परत बघू." फी भरायला शनिवारपर्यंत वेळ होता, तिने निदान तोवर थांबायला हवं होतं. ती पंधरा मिनिटंही थांबली नाही. मॅडमना फोन लावला आणि वडिलांना शुगर निघाली, आता येणं जमणार नाही म्हणून सांगितलं.

"नीट तपासलंस ना गं?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

पंधरा दिवसांनी आबांची शुगर चौऱ्याण्णव निघाली. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली, तीही अगदी साफ. रिपोर्ट हातात घेऊन ती बाहेर बाकड्यावर आबांच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, त्या दिन सकाळले चहा पिधा व्हता का?"

"पिधा ना. कुसुंबाले गाडी थांबनी. दोन कप पिधा."

"आनि खावाले?"

"काहीच नही. एक टोस व्हता, तो बी चहामाच." आबांना प्रश्नच कळला नाही. "चहा काय खावानं शे का?"

गावाकडून येणारा प्रत्येक माणूस असाच येतो. उपाशी म्हणजे भाकरी न खाल्लेला, चहा त्यात धरतच नाहीत. म्हणून तर दिपमाला रोज पन्नास जणांना सुई टोचण्याआधी "चहा घेतला का?" असं वेगळं विचारते. कुंदनलाही तिनेच शिकवलं. फक्त आपल्या बापाला विचारायचं राहिलं.

राहिलं कसलं! तिला आता आठवलं, आकडा बघून छातीत धस्स झालं होतं आणि लगेच, त्याच श्वासात, हायसंही वाटलं होतं. ती कर्जाला घाबरली होती. नाही म्हणायला तिला एक चांगलं कारण हवं होतं, ते मशीनने दिलं, आणि तिने ते न तपासता घेतलं. आज ती जागा दुसऱ्या कोणाच्या नावावर होती.

आबा मात्र खूश होते. त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"बरं जयं, रोग नही. आते तू जाय शिकाले. ती मॅडमनी यादी लागनी का?"

"लागनी, आबा." तिने रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मन्हं नाव नही त्यामा."

आबांना राग आला, पण तिच्यावर नव्हे, यादी लावणाऱ्यांवर.

"तुन्हं नाव नही?" ते म्हणाले. "मंग कोन्हं व्हतं?"