हात पोचण्याआधी

"तुम्ही जरा बोर्ड पुसता का, प्लीज?"

नववी ब च्या मुलांसमोर अनघा मॅडम मला असं म्हणाल्या. तास माझा होता. फळ्यावरचं अक्षर माझं होतं. मागच्या बाकावर प्रिन्सिपल सर वही उघडून बसले होते, कारण त्या दिवशी माझं ऑब्झर्व्हेशन होतं. शेजारी अनघा मॅडम, आमच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख. तास अर्धा झाला होता. त्या उठल्या, पुढे आल्या, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि डस्टर दिला. मग मुलांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, आता आपण ही गोष्ट नीट शिकू या.

मी पुसलं. वीस मिनिटं लिहिलेलं सगळं. मुलं बघत होती. पुसून झाल्यावर कुठे उभं राहायचं ते कळेना, म्हणून दाराशी जाऊन उभी राहिले. हाताला खडूची भुकटी लागली होती. तास संपेपर्यंत ती झटकायचंसुद्धा सुचलं नाही.

गोष्ट भयकथा होती. जुनी, इंग्रजी, पाठ्यपुस्तकातली. एका बंद घरात घड्याळांना किल्ली द्यायची नोकरी एका माणसाला लागते. घरात सात घड्याळं. मालकाचं पत्र असतं: सहांना रोज किल्ली द्या, माडीवरचं सातवं बंद आहे, त्याला हात लावू नका. चौथ्या दिवशी सकाळी माडीवरून टिकटिक ऐकू येते. किल्ली एकच आहे. ती ह्याच्या कोटाच्या खिशात आहे.

मी मुलांना जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून दिल्या होत्या. पानावर पट्टी ठेवायची, एक ओळ वाचायची, मग पट्टी खाली सरकवायची. पुढचं कुणी वाचायचं नाही. फळ्यावर दोन रकाने. त्या माणसाला काय माहीत आहे, आणि आपल्याला काय माहीत आहे. दुसरा रकाना वाढत जातो आणि पहिला तसाच राहतो, तेव्हा भीती वाटायला लागते. हे मी मुलांना सांगितलं नव्हतं. ती स्वतःच तिथे पोचत होती.

"त्याने खिशात हात घातला." इथे मी पुस्तक मिटलं.

"आमेले, मिस?" वर्ग ओरडला. आमेले म्हणजे मग, पुढे काय. रक्षिता नावाची एक मुलगी आहे, वर्षभर तोंड उघडत नाही. ती उठून म्हणाली, लेखकाने किल्लीचं दुसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकलं होतं, पण इतकं सहज सांगितलं की आपण विसरून गेलो. नववी ब म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग. त्या वर्गात हे वाक्य आलं. 

तेवढ्यात मागून अनघा मॅडमचा आवाज आला. "इंग्लिशच्या तासाला कन्नडा?" आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच.

आता खरं सांगते. त्या दिवसाआधीही मी अनघा मॅडमवर जळायची. साधंसुधं नाही. त्यांना वर्गात शिरताना बघितलं तरी माझ्या पोटात दुखायचं. त्या पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आल्या, कुवेंपुनगरात शाळेपासून दोन गल्ल्यांवर घर. येऊन तीन वर्षं झाली आणि विभागप्रमुख. मी ह्याच शाळेत अकरा वर्षं. मेटगळ्ळीहून दोन बस बदलून येते. मुलं त्यांना मॅम म्हणतात. मला मिस. हा फरक कुणी शिकवला नाही, पण पहिलीच्या मुलालाही तो कळतो.

त्यांच्या इस्त्रीच्या सुती साड्या. त्यांचं ते न अडखळता येणारं इंग्रजी. मी घरी आरशासमोर उभी राहून त्यांच्यासारखे उच्चार करून बघायची. माझा मलाच राग यायचा आणि तरी करायची.

शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्या आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात मला किती आनंद झाला होता. डबा खाताना मी म्हटलं, "मॅडम, थोडं पल्या घ्या की, बीन्सचं आहे." पल्या म्हणजे आमच्याकडे भाजी. त्या हसल्या.

"तुम्ही घरी काय बोलता?"

"मराठी."

"ही मराठी?"

मग आडनाव विचारलं. सांगितलं. "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" आमचं मूळ मलाच ठाऊक नाही. आजोबांच्याही आधीपासून आम्ही इथेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या डब्याचं झाकण लावलं. पल्या घेतलं नाही. त्यानंतर माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागल्या. मराठीत बोलायच्या ते फक्त काम सांगताना.

एवढं होऊनही मला त्यांच्यासारखंच व्हायचं होतं. हीच माझी लाज आहे आणि ती मी इथे लिहून ठेवते.

मला हवं काय होतं तेही सांगते. दहावीचा वर्ग. दहावीला इंग्रजी शिकवणारी ती खरी शिक्षिका, असं आमच्या शाळेत सगळे धरून चालतात. मी अकरा वर्षं सहावी, सातवी आणि कच्ची मुलं केली. पुढच्या जूनपासून दहावीची एक तुकडी मोकळी होणार होती. मी अर्ज दिला होता. ऑब्झर्व्हेशन त्याचंच होतं.

तास झाल्यावर स्टाफरूममध्ये अनघा मॅडम माझ्याजवळ आल्या. आवाज गोड. "ती पट्टीची आयडिया छान आहे हो. आणि ते मध्येच थांबणं. कुठून घेतलीत?"

मी म्हटलं, "एका पुस्तकातून."

"कुठल्या?"

"नाव आठवत नाही."

खोटं बोलले. धडधडीत. पुस्तकबिस्तक काही नव्हतं.

आई उदबत्त्या वळायची. अजून वळते. वडील मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होते, त्यांच्या पगारात भागत नव्हतं. दुपारी शाळेतून आलो की मी आणि ताई आईसमोर बसायचो. पुढ्यात पाट, बाजूला काळ्या मसाल्याचा गोळा आणि बांबूच्या काड्या. काडीवर मसाला घ्यायचा, तळहाताने पाटावर पुढे लोटायचा. कंटाळा यायचा. बोटं काळी व्हायची, वर्गात मुली हाताला हात लावू द्यायच्या नाहीत. आम्ही उठून जाऊ नये म्हणून आई भुताच्या गोष्टी सांगायची. विहिरीवरची बाई. जास्तीचं पान वाढणारी सासू. भर उन्हात सांगायची, तरी आमची पाचावर धारण बसायची.

आणि ऐन ठिकाणी थांबायची. बाईने घागर वर ओढली, आत वाकून बघितलं. बस.

"आमेले, आई?"

"जुडी होऊ दे. आमेले सांगते. सुम्ने हात चालव."

सुम्ने म्हणजे गप. मग आम्ही धडाधड काड्या वळायचो. पुढचं कळावं म्हणून. जुडी बांधून झाली की आई पुढे सांगायची, आणि पुन्हा थांबायची. एकदा मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, कुठे थांबायचं हे तुला कसं कळतं. ती म्हणाली, "हात निघाला पाहिजे, पोचता कामा नये. पोचला की संपलं. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच.

बी.एड.ला मी एक वर्ष भयकथा कशी शिकवावी ह्याच्या नोट्स काढल्या. रहस्य, वातावरण, उत्कंठा, व्याख्या, उदाहरणं. त्या एवढ्या नोट्समध्ये आईच्या ह्या एका वाक्याइतकं काही नव्हतं. पण स्टाफरूममध्ये मला तिचं नाव घेता आलं नाही. त्याआधी कुणीतरी सहज विचारलं होतं, तुमच्या आई काय करतात, तेव्हाही मी म्हटलं होतं, घरीच असतात.

जानेवारीत आमच्या शाळेत खुला पाठ ठरला. बाहेरच्या शाळांचे शिक्षक येणार. पाठ अनघा मॅडमचा. वर्ग मात्र माझा, नववी ब, कारण कच्ची मुलं शिकलेली दाखवली की पाहुण्यांवर जास्त छाप पडते. गोष्ट तीच. निमंत्रणावर लिहिलं होतं, अनघा मॅडमची स्वतःची अभिनव पद्धत. मला बोलावून त्यांनी सांगितलं, "पन्नास पट्ट्या कापून ठेवाल? पाहुण्यांनाही देऊ."

मी कापल्या. दोन दिवस कात्रीने अंगठा दुखत होता. अंगाचा तिळपापड होत होता आणि मी कापत होते. रडू येत नव्हतं. फक्त जळत होते. पुस्तकातून घेतलं असं मीच म्हटलं होतं. पुस्तकातलं कुणीही घ्यावं. ह्या चोरीचं दार मीच उघडून दिलं होतं, हे मला त्या पट्ट्या कापताना पहिल्यांदा नीट कळलं.

पाठाच्या दिवशी मी शेवटच्या बाकामागे उभी होते. अनघा मॅडमनी सुरेख वाचलं. आवाजाचे चढउतार, डोळे, सगळं. मला हेवा वाटला, तो त्याही क्षणी वाटला. फळ्यावर दोन रकाने काढले. मुलांनी पट्ट्या सरकवल्या. माणूस जिना चढला. टिकटिक. त्याने खिशात हात घातला. आणि त्या थांबल्या नाहीत. पुढची ओळ वाचली. खिसा रिकामा होता. मग पुस्तक मिटून, हसून विचारलं, आता सांगा, काय वाटतं?

कुणी काही बोललं नाही. वाटायचं ते वाटून झालं होतं. हात पोचला होता.

त्यांनी पुन्हा विचारलं. पाहुणे वहीत बघायला लागले. तेव्हा रक्षिता बसल्या जागेवरूनच म्हणाली, "इल्लि अल्ल, मॅम. मिस मुंचेने निल्लिसिद्रु." इथे नाही मॅम, मिस आधीच थांबल्या होत्या.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अनघा मॅडम पटकन सावरल्या. त्यांनी डस्टर उचलला, माझ्याकडे धरला आणि मराठीत म्हणाल्या, "बोर्ड पुसून देता का? आपण पुन्हा सुरू करू."

मी पुढे गेले. पाय आपसूक निघाले होते, अकरा वर्षांची सवय. डस्टरपाशी पोचले. हात वर आला. आणि थांबला.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय. तुम्हीच पुसा."

हे माझ्या मराठीत. वर्गात ते आम्हा दोघींनाच कळलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. ही पद्धत पुस्तकातली नाही. मी खोटं सांगितलं होतं. ही माझ्या आईची आहे. माझी आई मेटगळ्ळीत उदबत्त्या वळते आणि भुताच्या गोष्टी सांगते, आणि कुठे थांबायचं ते तिला कळतं. बोलताना एका ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला. मला कळलं. मी सुधारला नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. प्रिन्सिपल सर खाली बघत होते. अनघा मॅडमनी स्वतःच फळा पुसला. त्यांच्या हाताला खडू लागला तो मी बघितला. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. पाहुण्यांसमोर असभ्य वर्तन. माफी लिहून द्या म्हणजे मिटेल, असं सरांनी खासगीत सांगितलं. मी खुलासा लिहिला. त्यात आईचं नाव लिहिलं, तिचं काम लिहिलं, आणि गोष्ट कुठल्या ओळीवर थांबवावी आणि का, हे दीड पान लिहिलं. माफी लिहिली नाही. दहावीची तुकडी मला मिळाली नाही. यादी लागली तेव्हा तिथे अनघा मॅडमचं नाव होतं. मला पुन्हा सहावी.

आईला सांगितलं. ती पाटावर वाकलेली होती. "गोष्ट घेऊ दे ग तिला," म्हणाली. "थांबायचं कुठं ते तिला कोण सांगणार?" आणि पुढची काडी घेतली. मी शेजारी बसून तिच्याबरोबर एक जुडी वळली. बऱ्याच वर्षांनी बोटं काळी झाली. दुसऱ्या दिवशी तशीच शाळेत गेले.

हेवा गेला असं कुणी समजू नये. मी अजून जळते. त्यांच्या साड्यांवर नाही आता, उच्चारांवरही नाही. त्यांच्या हातातल्या दहावीच्या पुस्तकावर जळते, कारण ते माझं आहे. लोक म्हणतात, हेवा सोडून द्यावा, मन शांत होतं. मला शांत व्हायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार. पुन्हा ऑब्झर्व्हेशन घ्या म्हणणार. कुठून शिकलात असं कुणी विचारलं, तर आधी आईचं नाव सांगणार, मग कॉलेजचं.

आणि फळ्यावर मी लिहिलेलं आता कुणाच्या सांगण्यावरून मी पुसणार नाही.