चार बोलावणी आणि एक फोन

हे मी महेशलाही सांगितलेलं नाही. नवरा आहे माझा, सत्तावीस वर्षांचा संसार, माझ्या पित्ताच्या गोळीची वेळसुद्धा त्याला पाठ आहे — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच वाट बघत बसू नका. उडत्या तबकड्या खऱ्या असतात का, ते मला ठाऊक नाही. अशा गोष्टी पाहिल्या म्हणणाऱ्यांच्या जबान्या घेणारं एक सरकारी ऑफिस होतं, इथे अमेरिकेत, आमच्या हर्नडनच्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथे मी होते. पण माझं काम काय? तारखा ठरवायच्या, पत्रं पाठवायची, फोन घ्यायचे. बंद खोलीत कोण काय सांगून गेलं, ते माझ्या कानावर कधीच आलं नाही. जाता-येता दिसायचे ते लोक. साधी माणसं हो, एक तर घरून डबा घेऊन आला होता.

आणि दुसरं म्हणजे — मला बोलावणं करता येतं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका यावरून माझी टिंगल करतात. हळदीकुंकवाचा मेसेज ग्रुपवर टाकला तरी मी एकेकीला फोन करते. "अगं बाई, वाचला की मेसेज!" वाचला असशील, पण मी तुला बोलावलं कुठे? सासूबाई एका लग्नाला गेल्या नव्हत्या, कारण पत्रिका नुसती पोस्टानं आली होती. सगळे हसले त्यांना. मला मात्र पटलं होतं.

तर अशी मी.

वॉल्टर म्हणू या त्यांना, खरं नाव नाही. लष्करात पंचवीस वर्षं रडारवर बसलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर सांगितलं, की आम्ही पडद्यावर जे पाहिलं त्याच्या नोंदी वरच्यांनी दडवल्या. खूप गाजलं ते. पण नेमकं काय पाहिलं, ते गुपित. बाहेर बोलले तर तुरुंग. सांगायचं तर एकाच ठिकाणी — आमच्या त्या बंद खोलीत, शपथेवर. मॅडम, म्हणजे आमच्या डायरेक्टर, मला म्हणाल्या, बोलाव त्यांना. मी बोलावलं. चार महिन्यांत चार वेळा.

गुप्त कामाचा ईमेल वेगळा असतो. ऑफिसातल्या ठरावीक कॉम्प्युटरवरच तो उघडतो, आणि माणसानं नोकरी सोडली की त्याचं खातं बंद. पाठवणाऱ्याला मात्र मेल गेला असंच दिसतं. यादीत वॉल्टर यांचा जुना पत्ता होता, मी त्यावर क्लिक केलं. चारही वेळा. त्यांच्या घरचा फोन फाइलीत पुढच्याच पानावर होता. पान उलटायला किती वेळ लागतो?

मग एका मंगळवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "मॅम, मी अजून वाट बघतोय. मला कुणी बोलावलंच नाही."

बोलता बोलताच मी यादी उघडली आणि काय झालंय ते मला कळलं. ते वीसेक मिनिटं बोलत होते. बायको गेली, म्हणाले. मुलगा लोकांना सांगतो, बाबांचं डोकं फिरलंय. म्हणाले, "मला खरं ठरवू नका. फक्त शपथेवर लिहून घ्या. एकदा." मी मध्ये मध्ये येस सर, येस सर करत होते. ऐकत होते का? छे. हा माणूस फोन कधी ठेवतो, याची वाट बघत होते. शेवटी त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. मॅडमना निरोप देते, असंही म्हटलं.

पिवळ्या चिठ्ठीवर नंबर लिहिला. उठले, मॅडमच्या दारापर्यंत गेले — आणि परत येऊन बसले. नोकरी गेली असती का? मुळीच नाही. मॅडम फार तर वैतागल्या असत्या. पण चौदा वर्षांत माझ्या कामात एक चूक निघाली नव्हती. सगळे म्हणायचे तसं, मलाही आवडायचं ते. एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलंय, सापडत नाही.

चिठ्ठी दुमडून पर्समध्ये टाकली.

महिन्याभरानं मॅडमना संसदेच्या समितीपुढे जायचं होतं. निघता निघता त्यांनी विचारलं, त्या वॉल्टरकडून काहीच आलं नाही ना? मी म्हटलं, "नथिंग, मॅम." आवाजसुद्धा हलला नाही माझा.

ते सगळं टीव्हीवर दाखवलं. मॅडमनी सांगितलं, चार वेळा बोलावलं, एकदाही उत्तर नाही — आणि चारही तारखा वाचून दाखवल्या. वॉल्टर म्हणत राहिले, मला बोलावणं आलंच नाही, मीच फोन केला होता. कुणाला केला? ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोहे खाता खाता महेश म्हणाला, "बघ, शपथ म्हटल्यावर पळाला लेकाचा! थापाड्या यार." मी म्हटलं, लिंबू घे अजून.

तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. भांडी घासली, कपडे वाळत टाकले. फाइल बंद करताना कारणाच्या जागी "साक्षीदार येण्यास तयार नाही" हे मीच टाइप केलं. तेव्हाही काही नाही. आत्ताही, हे लिहिताना, हात अगदी व्यवस्थित चाललाय.

मग त्यांचं पत्र आलं. साध्या टपालानं, हातानं लिहिलेलं, माझ्या नावावर. लिहिलं होतं — तुम्ही निरोप दिला असणार, वरच्यांनी तो दाबला असणार, हे मी ओळखून आहे. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून तुमचं नाव मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्या दिवशी सगळं ऐकून घेतलंत, तसं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आभारी आहे.

दोनदा वाचलं. ऑफिसात नष्ट करायच्या कागदांची एक पिशवी असते, तिच्यात टाकलं. ती पिशवी न्यायला माणूस गुरुवारी येतो. पत्र आलं होतं मंगळवारी. दोन दिवस ती माझ्याच टेबलाखाली, माझ्या पायाशी होती.