नळी पुसायच्या चिंध्या

मला बघायला लातूरहून मंडळी आली तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, नवऱ्याने काहीच विचारलं नाही आणि सासऱ्यांनी विचारलं, "नेम धरताना कोणता डोळा मिटतीस?"

माझं माहेर भोकरचं. नांदेडला कॉलेजात असताना एनसीसीत मी बावीस बोअरची रायफल चालवली होती. मध्यस्थाने ते त्यांच्या कानावर घातलं असणार. मी म्हणाले, "मिटत नाही. दोन्ही उघडे ठेवते." माझे वडील घाबरून माझ्याकडे बघायला लागले. सासऱ्यांनी मात्र बशीतला चहा खाली ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं, "हिला विचारायचं संपलं. आता तारीख बघा."

सासऱ्यांना सगळं घर अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागले. गंजगोलाईच्या बाजारपेठेत त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, विहिरीचे रहाट. शेतात रानडुकरं फार येतात म्हणून त्यांनी कधीकाळी परवाना काढून बावीसची रायफल घेतली होती. पण गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नाही. अप्पा डुकरांच्या दिशेला नुसते उभे राहायचे आणि बांधाच्या मातीत गोळी मारायचे. डुकरांना हे लवकर कळलं. मग त्यांनी शेतात जाणं सोडलं आणि रायफल साफ करणं धरलं. जुन्या धोतराच्या चिंध्या फाडायच्या, शिवणयंत्राच्या तेलात बुडवायच्या, गजाला लावून नळीतून फिरवायच्या. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत हे चालायचं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्या चिंध्या धुऊन वाळत घालायच्या.

माझ्या लग्नाच्या सुमारास लातूर जिल्हा झाला. आदल्या दिवसापर्यंत जी नुसती कचेरी होती ती जिल्हा कचेरी झाली, आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्यांना जिल्ह्याचा संघ हवा झाला. अप्पा परवान्यावर नव्या जिल्ह्याचा शिक्का मारून घ्यायला गेले आणि जिल्हा रायफल संघटना होऊन परत आले.

"कारकून म्हणला, तुमच्यापाशी रायफल हाय, मग संघ तुमीच पाठवा. नांदेडला स्पर्धा हायत," त्यांनी जेवताना सांगितलं.

"संघात कोण कोण आहे?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेला बघितलं.

तो दुष्काळाचा काळ होता. गावाबाहेरचा तलाव इतका आटला होता की तळाच्या चिखलाला पडलेल्या भेगांत पाय जायचा. नेमबाजीला मात्र त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती. सपाट तळ, मागे मातीचा उंच बांध, गोळी कुठेही गेली तरी बांधातच. परवाना अप्पांच्या नावावर असल्यामुळे मी नेम धरायची तेव्हा ते शेजारी लागायचेच. मी घोंगडीवर पालथी, साडीचा पदर कमरेला खोचलेला, कोपराखाली वाळूचं पोतं. अप्पा बाजूला छत्री धरून. छत्री माझ्यावर नाही, रायफलवर.

लातुरात काडतुसं मिळत नव्हती. आम्ही एसटीने नांदेडला गेलो. दुकानदार हैदराबादकडचा, अतिशय अदबीने बोलणारा म्हातारा होता. अप्पांनी सगळ्यात चांगली काडतुसं मागितली.

"चांगली कोणाला?" त्याने विचारलं. "तुम्हाला का रायफलला?"

त्याने तीन डबे काढले. लाल डब्यातली जोरकस होती, निळ्यातली मध्यम, पिवळ्यातली हळू जाणारी आणि हाताला मेणचट लागणारी. प्रत्येक नळीला वेगळं काडतूस मानवतं, तिन्ही नेऊन मारून बघा, ज्याच्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका लहान तेच घ्या, असं त्याने सांगितलं. अप्पांना लाल डबा आवडला, कारण तो जड होता.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली. पद्धत अप्पांनीच ठरवली. एका प्रकारच्या पाच गोळ्या मारायच्या, कागद काढून घ्यायचा, नळी तेलाने स्वच्छ करायची, मग दुसरा प्रकार. "एका पातेल्यात चहा, त्याच्यातच वरण, असं करता का तुमी?" असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

लाल गोळ्या कडाडत गेल्या आणि कागदभर पांगल्या. निळ्याही पांगल्या. पिवळ्यांतली पहिली तर कागदावर सापडलीच नाही. अप्पांनी निकाल दिला की दोष साइटचा, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खाचेचा आहे. मग साइट जुळवणं सुरू झालं. गोळी डावीकडे लागली तर मागची साइट उजवीकडे सरकवायची, हे मला एनसीसीत शिकवलं होतं. अप्पा म्हणत, डावीकडं. आम्ही वाद घालायचो, शेवटी वयाचा मान राखून डावीकडे सरकवायचो, आणि पुढची गोळी कागद सोडून बांधात जायची. अप्पा म्हणायचे, "बांधाला लागली न्हाई का? म्हणजे जोर हाय." चरायला काही न मिळाल्याने म्हशीसुद्धा तळ्यात येऊन बसायच्या, त्यांना हाकलून यायला अप्पांना बराच वेळ लागायचा. तेवढ्यात मी साइट उजवीकडे फिरवून ठेवायची. तरीही झुबका जमेना. रोज पहिल्या तीन-चार गोळ्या वाटेल तिकडे जायच्या. शेवटची एखादी नीट बसायची, तोवर अप्पा तेलाची बाटली उघडून तयार.

हा घोळ आत्याबाईंमुळे सुटला. त्यांना ना रायफलीशी देणंघेणं, ना जिल्ह्याशी. गल्लीत टँकर यायला लागला होता आणि घागरीसाठी बायकांची भांडणं व्हायची. एका सकाळी अप्पांनी तेलकट चिंध्यांची बादली नेहमीच्या जागी ठेवली. आत्याबाईंनी ती उचलून त्यांच्यासमोर आणून आदळली.

"माणसांच्या आंगोळीला पाणी न्हाई, आन् मी तुमच्या बंदुकीची लंगोटं धुऊन राहिले."

"नळी गंजंल," अप्पा म्हणाले.

"गंजू द्या. आन् नवं धोतर फाडलं तर बघा."

अप्पांनी कपाट उघडून पाहिलं. आत्याबाईंनी सगळी धोतरं मोजून कुलपात ठेवली होती.

त्या आठवड्यात रायफल पहिल्यांदाच मळकी राहिली. अप्पा सुतकात असल्यासारखे तळ्यावर यायचे. पहिल्या दिवशी मी निळ्या गोळ्या मारल्या, नळी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पिवळ्या घेतल्या. सुरुवातीच्या काही कागद सोडून बांधात गेल्या आणि मग बाकीच्या एकाच जागी लागायला लागल्या. अप्पांना कागद डोळ्यांना दिसेना, म्हणून त्यांनी बोटाने चाचपला.

"एकच भोक हाय की. बाकीच्या कुठं गेल्या?"

"सगळ्या त्याच भोकातनं गेल्या, अप्पा."

ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मी त्यांना समजावलं की तेलाने नळी निसरडी होते, त्या त्या काडतुसाचं मेण आणि शिसं आत बसलं की मगच गोळी नीट जाते, आणि आपण रोज तेच पुसून काढत होतो. त्यांना फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची मेहनत होती ती. पण त्यांनी कबूल केलं की स्पर्धेपर्यंत नळीला हात लावणार नाहीत. पिवळ्या डब्यांसाठी ते एकटेच नांदेडला जाऊन आले आणि दुकानदाराला म्हणाले, रायफलीला मेणच मानवतं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नांदेडच्या लॉजवर उतरलो. मी बायकांच्या खोलीत, अप्पा दुसरीकडे. सकाळी ते रायफल घेऊन आले तेव्हा नळी आरशासारखी चमकत होती.

मी नळीच्या तोंडाला बोट लावून बघितलं. बोटाला तेल आलं.

"नळाला पाणी होतं," ते खालमानेने म्हणाले. "धो धो येत होतं. पिशवीतल्या चिंध्या धुतल्या. आन् मला वाटलं, आपला नवा जिल्हा, पहिल्यांदा दुसऱ्याच्या गावात आलो. मळकी बंदूक कशी दाखवायची?"

स्पर्धेत आधी नेम बघून घ्यायला वेगळ्या कागदावर गोळ्या मारायची मुभा असते. बाकीच्या थोड्या मारून खऱ्या कागदाकडे वळल्या. मी मात्र तिथेच मारत राहिले, अप्पांचं तेल जाळत. पंच येऊन विचारून गेला, बाई, तुमचं लक्ष आहे ना घड्याळाकडे? होतं. झुबका जमायला लागला तेव्हा वेळ इतका थोडा उरला होता की खऱ्या कागदावरच्या गोळ्या मी श्वास न घेता मारल्यासारख्या मारल्या. अप्पा मागे उभे राहून एकाच माणसाशी सतत बोलत होते. नंतर कळलं की तो चौकीदार होता आणि अप्पा त्याला शपथ घेऊन सांगत होते की चूक सुनेची नाही.

मी बायकांत दुसरी आले. बायका आम्ही तिघी होतो, आणि तिसरीची रायफल मधेच अडकली होती.

परतीच्या एसटीत फार गर्दी होती. आमची गादीच्या कापडाची लांब खोळ बघून कंडक्टरने विचारलं, "तंबोरा हाय का, काका?"

"रायफल हाय," अप्पा म्हणाले. "आमची सून दुसरी आली."

"कितीजणींत?"

"मराठवाड्यात," अप्पा म्हणाले.

कंडक्टरने पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवून आम्हाला बसवलं. लोहा गेलं, अहमदपूर आलं, अप्पा दर थांब्याला नवीन चढणाऱ्याला हकीकत सांगत होते. मी खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं होतं. हळूहळू ते सोंग राहिलं नाही.