मोदकांखालचा शेरा

शेजारच्या काकू मोबाईल हातात घेतल्यावर आधी पदराने पुसतात, मग आंबा पिकलाय का बघावं तसं एकेक अक्षर अंगठ्याने दाबतात. त्यांना मराठी टाइप करायला मी शिकवलं. पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईची ही ज्ञानाची ओढ बघून मला अगदी भरून आलं होतं. सगळी नोकरी शाळेत गेली, पण असा विद्यार्थी काही माझ्या वाट्याला आला नव्हता. सकाळी माझं दूध उतू जायच्या आत काकू दारात हजर. जोडाक्षर चुकलं की स्वतःलाच म्हणायच्या, "दगडच मेली!"

"एवढं कशाला? बोलून पाठवा की," मी एकदा सुचवलं.

"बोललेलं वाऱ्यावर जातं गो. लिहिलेलं सगळी वाचतात."

आठवड्याभरात त्या तयार झाल्या. त्यांच्या लेकीच्या देवरूखच्या सासूबाईंनी संकष्टीला दोन्ही घरांच्या ग्रुपवर उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला होता. माझ्यासमोर बसून काकूंनी त्याखाली आयुष्यातला पहिला संदेश लिहिला, एकही चूक न करता: "कळ्या पडल्या नाहीत. मोदक फुटलेत."

मग फोन पुसून कपाटात ठेवला. "झालं माझं शिक्षण."

परवा काकूंच्या लेकीकडून कळलं, विहीणबाईंनी मोदकांचा क्लास लावलाय. आज सकाळी काकू फोन पुसत पुन्हा माझ्या दारात.

"फोटो मोठा करून कसा बघतात गो?"