मामांच्या वहीतले पत्ते

आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला कॉलेजात पाऊल टाकताना छातीत धडधडतं, मग तो तिथं वायरी ओढायला का जाईना. मी दोडामार्गाकडचा. अंबडला ज्यांच्या दुकानात नेटवर्कचं काम शिकलो, त्या भाऊंनी तीन वर्षांत पहिल्यांदाच मला सांगितलं, "हे कॉलेजचं काम तू एकट्यानं कर. जमलं तर आष्टीच्या कॉलेजचं कामबी तुझंच."

काम असं. कॉम्प्युटर सुरू झाला की आपल्या नेटवर्कवर हाक मारतो, मला पत्ता, म्हणजे माझा नंबर, द्या. पत्ते वाटणारा राउटर जुन्या इमारतीत आणि लॅब नव्या इमारतीत, दुसऱ्या राउटरच्या मागे. ही हाक राउटर ओलांडत नाही. म्हणून लॅबच्या राउटरला सांगून ठेवायचं, हाक आली की तिकडे पोचव. याला रिले म्हणतात. दुपारपर्यंत वीसच्या वीस कॉम्प्युटरना आपोआप पत्ते मिळाले. मी आईला फोन केला, "आये, जमला गे माका."

दुसऱ्या दिवशी तिथं मुलांचे प्रवेश अर्ज भरायचे होते. साडेनऊला लॅबच्या मॅडमचा फोन आला, "अहो, सहा कॉम्प्युटर नेट पकडत न्हाईत. पोरं यायलीत."

धावत गेलो. राउटरमध्ये लिहिलेली रिलेची ओळ तीनदा वाचली. बरोबर होती. मान वर केली तर लॅबचे शिपाई मामा वही घेऊन सातव्या कॉम्प्युटरसमोर बसलेले.

"काय करताय मामा?"

"ओ इंजिनियर, कुनीतरी समदे नंबर काढून टाकलेत. बराबर भरून राह्यलो. सहा झाले."

आधी प्रत्येक कॉम्प्युटरचा पत्ता हातानं भरलेला असे. मुलं त्यात बोटं घालत, म्हणून मामा रोज सकाळी सगळे सुरू करून वहीतून ताडून बघत. आज ते पत्ते राउटरनं आधीच दुसऱ्यांना देऊन टाकले होते. एका पत्त्यावर दोघं, म्हणून नेट अडलेलं.

"काढले मीच, मामा."

"मंग सांगायचं न्हाई का? उगं पोरायला शिव्या घातल्या मी."

तेवढ्यात भाऊंचा फोन. मामांनी सेटिंग बदललं, एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. "भाऊ, माझं चुकलं. मामांना विचारलंच नाही. ते सहा परत आपोआपवर टाकतोय."

टाकले, चालू झाले. भाऊ तोवर फोनवरच होते. "आष्टीला जाशील तवा राउटर नंतर उघड," ते म्हणाले, "आधी तिथल्या शिपायाला भेट."

म्हणजे आष्टी माझंच होतं. कळायला जरा वेळ लागला.

अर्ज संपल्यावर मामांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मग ते वहीतून पत्ते वाचत गेले आणि मी राउटरमध्ये कोणत्या कॉम्प्युटरला कोणता द्यायचा ते कायमचं लिहीत गेलो. आता पत्ते आपोआप मिळतात, पण वहीतलेच. मामा अजूनही सकाळी फेरी मारतात, फक्त वहीत बरोबरच्या खुणा करतात.

आष्टीला पोचलो तेव्हा तिथले साहेब राउटरच्या कपाटाची किल्ली घेऊनच उभे होते. मी म्हटलं, "साहेब, आधी इथले मामा कुठं बसतात?"